डिकीतला संसार : जुन्या मालाच्या खरेदी-विक्रीची शास्त्रोक्त पद्धत

(संयुक्त अरब अमिरातीत राहणाऱ्या आणि 'पुढच्या वर्षी नक्की परत' असे दरवर्षी म्हणणाऱ्या मराठी कुटुंबांच्या उपयोगासाठी)

प्रास्ताविक

गाडीची डिकी उघडून घरातले जुने सामान विकायला बसायचे, ही प्रथा इंग्लंडातली. स्टॉकपोर्टचे कॅथलिक धर्मगुरू हॅरी क्लार्क यांनी १९७० च्या दशकात कॅनडात सुटीवर असताना असा बाजार पाहिला आणि धर्मादाय निधीसाठी तो मायदेशी भरवला, असे सांगतात. धर्मगुरूच ते, त्यांचा मनुष्यस्वभावावर विश्वास असणार. आपली या विषयातली परंपरा अधिक जुनी आणि जास्त कडक आहे. दोन जरीच्या साड्या आणि एका पँटवर पातेले द्यायचे की नुसते झाकण, यावर भर दुपारी दारात तासभर हुज्जत घालणारी बोहारीण ज्याने लहानपणी पाहिली, त्याला घासाघीस वेगळी शिकवावी लागत नाही. परंतु आखातात एसीच्या गारव्यात माणूस मऊ पडतो, मॉलमधल्या छापील किमतीपुढे मान तुकवू लागतो आणि हे संस्कार विसरतो. त्यांची उजळणी व्हावी, एवढाच या मार्गदर्शिकेचा हेतू.

कलम १ : खोके

विक्रीची तयारी वस्तू विकत घेतली त्याच दिवशी सुरू होते. टीव्ही, मिक्सर, मायक्रोवेव्ह, इस्त्री, मुलाची सायकल, यांपैकी कशाचेही खोके टाकू नये. खोके म्हणजे नुसता पुठ्ठा नव्हे. आतले थर्माकोलचे दोन्ही कान, वायर बांधलेली तार, 'खाऊ नये' असे लिहिलेली पांढऱ्या दाण्यांची पुडी आणि अरबी भाषेतली माहितीपुस्तिका हे सर्व मिळून खोके पूर्ण होते. रिमोटवरचे प्लॅस्टिक काढणाऱ्याला या देशात कोणी विचारत नाही.

खोकी कपाटावर, पलंगाखाली आणि बाल्कनीत, अशी वजनाप्रमाणे चढत्या क्रमाने ठेवावीत. वन बीएचकेचे भाडे किती आणि त्यातला किती भाग खोक्यांना जातो, हा हिशेब करू नये. प्रकृतीला बरा नाही. कोणी विचारलेच, तर "आम्ही दोनच वर्षांसाठी आलोय" असे सांगावे. हे उत्तर देताना थोरला मुलगा बारावीत असला तरी हरकत नाही.

२०१९ पासून इथे दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळू लागला. तो मिळालेल्यांनी खोकी टाकून द्यावीत का, असा प्रश्न इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत जेवणाच्या रांगेत विचारला जातो. उत्तर : नाही. दहा वर्षांनंतर काय?

कलम २ : हंगाम

मे ते सप्टेंबर या काळात उघड्यावर बाजार मांडू नये. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत भर दुपारी उन्हात काम करून घ्यायला सरकारने मनाई केली आहे. ती मजुरांच्या रक्षणासाठी असली, तरी घासाघीस हेही अंगमेहनतीचेच काम असल्याने तिचा आदर करावा. डिकीत ठेवलेल्या मेणबत्त्या आणि सीड्या यांचा आकार दुपारी दोनपर्यंत बदलतो, हेही लक्षात घ्यावे.

खरा माल येतो तो शाळांच्या वेळापत्रकावर. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचे वर्ष एप्रिलला सुरू होते, म्हणून परत जाणारी आपली कुटुंबे मार्चमध्ये सामान काढतात. ब्रिटिश शाळा उन्हाळ्याच्या तोंडावर संपतात, म्हणून गोरी कुटुंबे जूनमध्ये निघतात. तेव्हा अभ्यासाचे टेबल, सायकल, हार्मोनियम आणि प्रेशर कुकर मार्चमध्ये घ्यावेत. मांस भाजायच्या शेगड्या, बागेतल्या खुर्च्या आणि कुत्र्याचे घर जूनमध्ये. कुत्रा नसला तरी चालेल, त्यात खोकी मावतात.

कलम ३ : स्थळ आणि कायदा

इमारतीखालच्या पार्किंगमध्ये सहज डिकी उघडून बसू, असे कोणाच्या मनात आल्यास त्याने ते तत्काळ काढून टाकावे. हा देश परवानग्यांवर चालतो. 'मदतनिधीसाठी विक्री' अशी पाटीही लावू नये. परवानगीशिवाय निधी गोळा करण्यावर दुबईत २०१५ च्या फर्मानाने आणि पुढे देशभर २०२१ च्या कायद्याने बंदी आहे. फादर क्लार्क इथे असते, तर पहिल्याच शनिवारी अडचणीत आले असते. आपण पैसे स्वतःसाठीच मिळवत आहोत, हे चेहऱ्यावर स्पष्ट दिसू द्यावे. मराठी माणसाला याचाच संकोच फार.

अधिकृत जागी टेबल घेऊन बसणे उत्तम. दुबईतला 'फ्ली मार्केट' हा जुन्या मालाचा बाजार २००७ साली सफा पार्कात सुरू झाला आणि पुढे झबील पार्कात भरू लागला. २०२२ पासून सरकारी सुटी शुक्रवार-शनिवारऐवजी शनिवार-रविवारी आली, त्यामुळे शनिवारी सकाळी बाजारात बसून रविवारी कंबर शेकत पडता येते. झबील पार्कातच दीडशे मीटर उंचीची 'दुबई फ्रेम' उभी आहे. तिच्या एका बाजूने जुनी दुबई दिसते आणि दुसऱ्या बाजूने नवी. तिच्या सावलीत आपल्या लग्नात आहेर आलेली सहा इंची फ्रेम दहा दिरहमना विकायला ठेवताना न्यूनगंड बाळगू नये. मात्र आतला लग्नाचा फोटो आधी काढून घ्यावा. गिऱ्हाईक फोटोसकट फ्रेम मागते आणि फोटोचे वेगळे पैसे देत नाही.

टेबलाच्या मागे पतीने बसावे की पत्नीने, यावर दोन मते आहेत. अनुभवी मंडळी पतीला चहा आणायला पाठवतात, कारण पती भिडेखातर पहिल्याच किमतीला "ठीक आहे" म्हणतो आणि वर पिशवीही देतो.

कलम ४ : काय विकावे

एकेकाळी आखातातून सुटीवर जाणारा प्रत्येक मराठी माणूस टीव्ही घेऊन विमानात चढत असे. भारत सरकारने २६ ऑगस्ट २०१३ पासून प्रवाशांच्या सपाट टीव्हीची शुल्कमाफी काढून घेतली आणि मुंबईच्या विमानतळावरचा तो सोहळा संपला. तेव्हापासून टीव्ही इथेच विकला जातो. त्याला भाव बरा येतो, फक्त खोके असावे (पाहा : कलम १).

विजेच्या वस्तूंचे दोन वर्ग पडतात. इथे घेतलेल्या वस्तूला तीन चौकोनी पायांचा ब्रिटिश प्लग असतो. आईने सामानात कोंबून दिलेल्या मिक्सरला तीन गोल पायांचा. हा मिक्सर वर्षानुवर्षे एकाच अॅडॉप्टरला चिकटून राहतो, पुढे उष्णतेने दोघांची पांढरी-पिवळी एकच वस्तू होते, आणि ओल्या खोबऱ्याचे वाटण करताना तो ओट्यावर दोन वीत सरकतो. पाकिस्तानी आणि फिलिपिनो गिऱ्हाइकांना तो दाखवू नये. मार्चमध्ये नव्याने आलेले एखादे मराठी जोडपे हेरावे आणि त्यातल्या नवऱ्याला म्हणावे, "यात चटणी होते." पुढचे बोलणे त्याची बायको करील.

कलम ५ : घासाघीस

बाजार नसेल त्या दिवशी विक्री फोनवरून चालते. २००५ साली सुरू झालेल्या 'डुबिझल' या जाहिरातींच्या संकेतस्थळाने या देशातल्या प्रत्येक भाडेकरूला दुकानदार केले. जाहिरातीत सोफ्याचा फोटो टाकताना त्यावर झोपलेल्या सासऱ्यांना उठवावे. किंमत मनात ठरवलेल्याहून दीडपट लिहावी. 'किंमत अंतिम' असे मुळीच लिहू नये. लिहिले तरी वाचत कोणी नाही. जाहिरात पडल्यावर होणारा संवाद साधारण असा :

"हॅलो, सोफा है?"

"हां जी, है."

"लास्ट प्राइस?"

"आठशे लिखा है. आप आके देखिए तो."

"भाई, तीन सौ. अभी पिकअप लेके आता हूँ."

"तीन सौ में तो कव्हर भी नहीं आता!"

"कव्हर आप रख लो."

या टप्प्यावर फोन ठेवून द्यावा. तो पुन्हा येतोच. दोन तासांनी खरोखर पिकअप येते, त्यातून दोन पठाण उतरतात, सोफा उलटा करून खालून ठोकून पाहतात आणि एकमेकांशी पश्तूत काही बोलतात. ते काय बोलतात याचा विचार करू नये. नंतर ते खिशातून पन्नासच्या सात नोटा काढून टीपॉयवर ठेवतात. इथे स्वयंपाकघरातून जो आवाज येतो, तो व्यवहाराला निर्णायक असतो : "अहो, द्या आता! उद्या घराची किल्ली द्यायचीय." हे वाक्य मराठीत असले, तरी सर्व गिऱ्हाइकांना समजते.

साडेतीनशेत सोफा गेला, यात हार मानू नये. तो लिफ्टमध्ये मावत नव्हता, हे त्यांना जिन्यात कळते. उचलून नेण्याचे काम त्यांच्याकडे गेले, हाच विक्रेत्याचा नफा.

फुकट देण्याची घाई करू नये. 'फ्री' लिहिल्याबरोबर लोकांना वस्तूत ढेकूण दिसू लागतात. तीच वस्तू वीस दिरहमला ठेवावी, मग ती जाते. रात्री गुपचूप कचराकुंडीशेजारी नेऊन ठेवायचा मोह टाळावा. नगरपालिका दंड करते आणि वॉचमन ती वस्तू कोणाची हे अचूक ओळखतो, कारण तिचे खोके चार वर्षे त्याने बाल्कनीत पाहिलेले असते.

कलम ६ : खरेदीदारांसाठी सूचना

(अ) शारजाहून दुबईला पंधरा दिरहमचा टेबलफॅन आणायला जाताना 'सालिक'चा हिशेब आधी करावा. २००७ मध्ये सुरू झालेल्या या टोलनाक्याला थांबावे लागत नाही, म्हणून तो दुखत नाही. गर्दीच्या वेळी सहा दिरहम, एरवी चार. जाता-येता दोन नाके, पेट्रोल, आणि एवढे लांब आलोच आहोत तर दुबईच्या करामा भागात डोसा. फॅन सव्वाशेला पडतो. घरी सांगताना पंधराच सांगावे.

(आ) गाडी घेताना ती आखातासाठी बनवलेली, म्हणजे जीसीसी स्पेक, आहे ना हे पाहावे. अमेरिकेत अपघात झालेल्या, बुडालेल्या गाड्याही दुरुस्त होऊन इथे येतात. मुल्किया, म्हणजे गाडीचे नोंदणीपत्र, बघावे, गाडीवरचे दंड भरले आहेत का ते तपासावे आणि जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी. मालक जर म्हणाला की गाडी फक्त बायको शाळेत सोडायला-आणायला वापरत होती, तर त्याच्या बायकोला विचारावे.

(इ) रुपयात गुणू नये. हा रोग जुना आहे, त्याला इतिहासही आहे : १९६६ पर्यंत या किनाऱ्यावर रुपयाच चालत असे, आधी नेहमीचा भारतीय आणि १९५९ पासून खास आखातासाठी रिझर्व्ह बँकेने काढलेला. दिरहम आला १९७३ मध्ये. १९९७ पासून तो डॉलरला ३.६७२५ या दराने खिळला आहे आणि रुपया घसरतच राहिला आहे. परिणामी, जो मराठी माणूस सोफा घेतल्याची आणि विकल्याची दोन्ही किंमत रुपयांत मांडतो, त्याला दहा वर्षे बसून झिजवलेल्या सोफ्यातही तोटा कमी दिसतो. काही अर्थतज्ज्ञ आप्त यालाच गुंतवणूक म्हणतात. त्यांना सोफा विकू नये, ते हप्ते मागतात.

कलम ७ : विक्रीस अपात्र वस्तू

पुढील वस्तूंना किंमत लावता येत नाही आणि लावल्यास मंडळात चर्चा होते : पुरणयंत्र, चकलीचा सोऱ्या, मोदकपात्र, गणपतीचे घडीचे मखर, गौरींचे मुखवटे, जेवणाचे चार पाट, एक टाळजोडी आणि दिवाळी अंकांचा गठ्ठा. या वस्तू फक्त द्यायच्या असतात, आणि घेणाऱ्याने आपण जाताना पुढच्याला द्यायच्या असतात. त्यांना मुल्किया नाही, भाडेकरार नाही, पावती नाही. तरीही कोणती वस्तू कोणाकडे आहे हे बर दुबई ते अल नहदापर्यंत सगळ्यांना ठाऊक असते. माणसे दोन-दोन वर्षांच्या व्हिसावर येतात आणि जातात. मखर मात्र इथेच असते. त्याने सफा पार्कातला बाजार पाहिला आहे, आणि त्याला कधीच खोके नव्हते.

या वस्तू मिळवण्याची पद्धत सोपी आहे. होळीच्या आठ दिवस आधी ग्रुपवर एकदाच विचारावे, "पुरणयंत्र कोणाकडे आहे?" दोघी-तिघी सांगतील की ते अमुक वहिनींकडे होते. अमुक वहिनी मार्चमध्येच पुण्याला गेल्या, पण जाताना त्यांनी ते शारजाला दिले. शारजाच्या काकू सांगतील की या, घेऊन जा, आणि आलात की जेवूनच जा. जावे. सालिक भरावा. घरी आल्यावर यंत्राचे भाग मोजून पाहावेत. बारीक जाळी असेल, जाड जाळी नसेल. ती आधीच्यांकडे राहिली आहे असे सगळेच सांगतात, आणि हे आधीचे आता नाशिकला असतात.