वळचा मामा आणि वज्रेश्वरीचा नवस

भिवंडीजवळच्या वळ गावात मामाचं घर गाठायचं म्हणजे गोदामं मोजत जायचं. ‘पार्सलवाल्याच्या गोदामावरून डावीकडं वळ, मंग टायरचं गोदाम, पुढं साबणाचा वास आला की थांब.’ मी वासाला थांबलो. तो फिनाईलचा निघाला. मामा दोन गल्ल्या मागे, दारात उभा राहून हातवारे करत होता.

मुंबईत जकात होती तेव्हा तिच्या हद्दीबाहेर माल उतरवायला भिवंडीची भातखाचरं सोयीची पडली. २०१७ साली जकात गेली, गोदामं मात्र ठाण मांडून बसली. मामाच्या भातावरही पत्रा चढला. तेव्हापासून त्याला कुठलीही मोकळी जागा दिसली की तो मनात चौरस फूट मांडायला लागतो. लग्नाच्या मांडवातसुद्धा!

सकाळी आम्ही वज्रेश्वरीला निघालो. वाडा रस्त्याने अंबाडी, तिथून तानसेच्या काठाकडे. या रस्त्यावर गाडीचे चार गिअर शोभेचे असतात. मामा मात्र खूश. खड्डा आला की म्हणायचा, “कंटेनरवाल्यांचं बघ, आपलं तर बरंय.”

देवळासमोर उभं राहिल्यावर मी जरा गप्पच झालो. टेकडीवर दगडी तटबंदी, नगारखाना, वर जायला बावन्न पायऱ्या. देऊळ कसलं, किल्लाच. त्याला कारणही आहे. पोर्तुगीजांकडून वसई घ्यायला निघालेल्या चिमाजी आप्पांनी देवीला नवस बोलला होता, की किल्ला पडू दे, तुझं देऊळ बांधतो. १७३९ साली वसई पडली आणि देऊळ उभं राहिलं.

“म्हंजी कॅश ऑन डिलिव्हरी,” मामा म्हणाला.

मी हसलो, पण आक्षेप कुठे घ्यावा ते सुचेना. पायऱ्या चढता चढता मामाची पाहणी चालूच होती. “भिंत दणकट हाय. उंची बी चांगली. पन माल चढवनार कसा? ट्रक लागायला जागाच नाय.” विसाव्या पायरीवर त्याला दम लागला, तेव्हा हमालांबद्दलचा त्याचा आदर वाढल्याचं दिसलं.

वर मी त्याला वज्राची कथा सांगितली. इंद्राने वज्र टाकलं, ते देवीने गिळलं, म्हणून वज्रेश्वरी. मामाने हात जोडले आणि पुटपुटला, “रिटर्न नाय घेतला.”

मग त्याने डोळे मिटून बराच वेळ काहीतरी मागितलं. खाली उतरताना मी विचारलं.

“भाडं वाढू दे म्हटलं. नवस केला.”

“काय बोललास?”

“येक नारळ.”

“किल्ल्याला देऊळ आणि भाड्याला नारळ?”

“आरं, आकरा म्हैन्यांचाच करार हाय!”

तिथून जवळच अकलोलीला गरम पाण्याची कुंडं आहेत. काठावर बसलेल्या आजीबाई गळ्यापर्यंत पाण्यात जाऊन सुनेच्या गाऱ्हाण्याला निवांत सुरुवात करत होत्या. मी पायाचा अंगठा बुडवला आणि उडी मारून बाहेर आलो. त्या उडीत ओल्या दगडावर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. आजीबाईंनी गाऱ्हाणं थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि आपसांत ‘पुन्याचा असंल’ असा निकाल दिला.

घरी मामीने तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं सुकं केलं होतं. पहिल्या भाकरीनंतर मामाने माझा फोन मागितला. “चपला मागव. आपल्याच वळमधून येतील, घंटाभरात.”

मागवल्या. पत्ता मामाचाच दिला. दुसऱ्या दिवशी फोनवर आलं: पार्सल भिवंडीहून नागपूरला रवाना. तिसऱ्या दिवशी: नागपूरहून भिवंडीला रवाना. चौथ्या दिवशी पार्सलवाल्या पोराचा फोन आला. त्याला घर सापडत नव्हतं.

मी मामीच्या स्लीपर घालून गल्लीच्या टोकाशी गेलो आणि त्याला सांगितलं, “साबणाचा वास आला की थांब.”