तुमचे चिरंजीव आणि अकरा ग्रॅमची चिकडी

मिनिआपोलिस, फेब्रुवारी

तीर्थस्वरूप आई आणि बाबा यांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आईंनी विचारलं, "तो एवढ्या थंडीत बाहेर उभा राहून करतो तरी काय?" आणि मी विषय बदलला. एक तर ते प्रकरण फोनवर सांगण्यासारखं नाही, शिवाय चिरंजीव शेजारीच कान देऊन उभे होते. म्हणून हे पत्र. सोबतच्या पुठ्ठ्याच्या पाकिटात काय आहे ते शेवटी सांगते. बाबा आधीच उघडून बघतील, त्याला माझी हरकत नाही.

इथे जानेवारीत पारा उणे २० पर्यंत उतरतो. शहाण्या माणसाने अशा वेळी रजईत बसून तुम्ही पाठवलेल्या कुळथाचं पिठलं ओरपावं. चिरंजीव मात्र पायमोज्यांवर पायमोजे चढवून मागच्या अंगणात उभे असतात. हातात कॅमेरा आणि बनियनच्या आत, अगदी छातीशी, कॅमेऱ्याची जादा बॅटरी. थंडीत बॅटरी पटकन उतरते, म्हणून तिला अंगाची ऊब द्यायची असते. मला गेल्या वर्षी ताप आला होता, तेव्हा इतकी माया दिसली नव्हती.

कॅमेरा घरात आणण्याचं सोवळं तर निराळंच. गारठलेला कॅमेरा एकदम उबेत आणला की भिंगावर दव धरतं. म्हणून तो बाहेरच पिशवीत हवाबंद करायचा, मग आत आणायचा, आणि तो घराइतका गरम होईपर्यंत पिशवीला हात लावायचा नाही. घट्ट बंद होणारी नेमकी एकच पिशवी सापडली, ती आईंच्या मेतकुटाची. आता कॅमेऱ्याला मेतकुटाचा वास येतो आणि फोटो बघता बघता आम्हा सगळ्यांना मऊ भाताची भूक लागते.

हा सगळा थाट चिकडी नावाच्या पाखरासाठी. वजन साधारण ११ ग्रॅम, डोक्यावर काळी टोपी, गळ्याखाली काळा रुमाल, गाल पांढरेशुभ्र. थंडीत पिसं फुलवून बसली की रव्याच्या लाडवासारखी गोल दिसते. एवढीशी आहे, पण हिवाळ्यात दक्षिणेला पळून जात नाही. रात्री अंगाचं तापमान दहा-बारा अंशांनी खाली उतरवते, कशीबशी रात्र काढते आणि उजाडताच पुन्हा कामाला लागते. थंडीच्या आधी एकेक बी झाडाच्या सालीत लपवून ठेवते आणि कुठे काय ठेवलंय ते तिच्या लक्षात राहतं. आमच्याकडे गाडीची किल्ली रोज सकाळी नव्याने शोधावी लागते, त्यामुळे मला तिच्याबद्दल फार आदर आहे. धोका दिसला की ती "चिक-अ-डी-डी" ओरडते, आणि धोका जितका मोठा तितके शेवटचे "डी" जास्त. गंमत अशी की थोराड घुबडापेक्षा पिटुकल्या घुबडाला ती जास्त "डी" लावते. लहान शिकारी चपळ असतो ना! तुमच्या नातीच्या बाबतीत माझा अनुभव अगदी हाच आहे.

आता खाण्यापिण्याचं. बाबा, इथे दुकानात पाखरांसाठी म्हणून पांढऱ्या दाण्यांची थैली मिळते. भाव वाचून माझे डोळे फिरले, आणि उघडून बघते तर काय, आपल्या बार्शीच्या शेतातली करडई! लाल कार्डिनल पक्ष्याला ती भारी आवडते आणि खारींना सहसा आवडत नाही, म्हणून तिचा एवढा मान. सूर्यफुलाच्या काळ्या बियांवर मात्र खारी तुटून पडतात. त्यावर इथले लोक बियांना तिखट लावतात, कारण पाखरांना तिखट लागतच नाही, खारींना झोंबतं. हे ऐकताच मी आईंची शेंगाचटणी बाहेर काढली. पण त्यात मीठ आणि लसूण, आणि ते पाखरांना बाधतं, म्हणून बरणी परत आत आली आणि भाकरीबरोबर संपली. सुतार पक्ष्यांना इथे गुरांच्या चरबीची वडी टांगतात. आपल्या घरात ती येणार नाही, हे आईंना सांगायला नकोच. आम्ही शेंगदाण्याच्या लोण्यात मक्याचं पीठ मळून लावतो, आणि त्याबद्दल एकाही सुतार पक्ष्याची तक्रार नाही.

चिमणीही येते बरं का, आपलीच चिमणी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला माणसांनी ती इंग्लंडहून ब्रुकलिनला आणून सोडली आणि तिने सगळा देश व्यापला. इथले पक्षीवाले तिच्यावर नाराज असतात, ती स्थानिकांची घरटी बळकावते म्हणून. आपण या वादात पडायचं नाही, असं मी घरात सांगून ठेवलंय.

तर फोटो. बर्फ कॅमेऱ्याला फसवतो. एवढं पांढरं बघून त्याला वाटतं उजेड फारच झाला, आणि तो सगळं चित्र राखाडी करून ठेवतो. म्हणून उजेड हाताने वाढवावा लागतो. हे जमायला लागल्यावर चिरंजीवांनी असे फोटो काढले की चिकडीचं पीस अन् पीस मोजून घ्यावं. मग त्यांचं भिंतीवर लावण्याजोगं काही करायचं म्हणून सायनोटाइप सुरू झालं. बाबा, तुमच्या ऑफिसातल्या अमोनिया प्रिंटच्या आधीची ही पिढी. ब्लूप्रिंट म्हणायचे ती हीच, निळ्यावर पांढऱ्या रेघा. जॉन हर्शेल यांनी ती १८४२ साली शोधली, आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स नावाच्या बाईंनी तिच्यावर समुद्रातल्या शेवाळाचे ठसे घेऊन पुस्तक काढायला घेतलं.

कागदाला लावायच्या रसायनांपैकी एकाचं नाव पोटॅशियम फेरिसायनाइड. आई, नावावर जाऊ नका, ते डिटेक्टिव्ह कथांतलं सायनाइड नव्हे. तरी त्याचे चमचे-वाट्या मी वेगळ्या केल्यात. मंद दिव्यात कागदावर ब्रश फिरवायचा, न्हाणीघरात अंधारात वाळवायचा (तेवढा वेळ आंघोळी बंद), त्यावर फोटोची प्लॅस्टिकवर छापलेली निगेटिव्ह ठेवायची, वर काच दाबायची आणि उन्हात धरायचं. काच कुठून आली म्हणाल तर आमच्या लग्नाच्या फोटोची. इथलं हिवाळी ऊन दुबळं, त्यामुळे कागद बराच वेळ बर्फात पडून असतो. मग नळाखाली धुतला की पिवळट-हिरवा रंग वाहून जातो आणि चिकडी वर येते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीसुद्धा चहा ओतायची विसरले. लाल कार्डिनलही निळाच येतो. व्हिडिओवर बघून आईंनी "त्याला काय झालं?" म्हणून विचारलं होतं ना, त्याला काही झालेलं नाही.

आणि आता माझं मत, जे चिरंजीवांना अजून पटलेलं नाही. पीस अन् पीस दिसणारे त्यांचे लाडके फोटो निळ्यात उतरले की सगळा चिखल होतो. त्यांनी फेकून दिलेले चांगले येतात. चिकडी उडून चाललीय, चौकटीत नुसती शेपटी आणि एक पाय उरलाय, बाकी सगळा मोकळा बर्फ, असले. तुमची नात हल्ली तिच्या बाबांच्या कचऱ्यातून फोटो निवडते आणि मी छापते. चिरंजीव बाहेर थंडीत उभे राहून नवा कचरा तयार करतात. कामाची वाटणी सध्या अशी आहे आणि ती ठीक चाललीय.

पाकिटात त्यातलाच एक आहे. सोलापूरच्या उन्हात, खिडकीसमोरच्या भिंतीवर लावू नका, रंग उडतो. सोड्याच्या किंवा साबणाच्या पाण्याने पुसू तर अजिबात नका, निळं पिवळं पडेल. उन्हाने फिका पडलाच तर काही दिवस कपाटात अंधारात ठेवा, निळा बराचसा परत येतो. आणि बाबा, करडई पाठवू नका, कस्टमवाले बी-बियाणं काढून घेतात. मेतकूट पाठवा. पिशवी दोन पदरी असू द्या.

तुमची सून