पॅकेज सांगावे कसे

आषाढीला विठ्ठल मंदिराच्या रांगेत, फाइव्ह गार्डनच्या सकाळच्या फेरीत किंवा वडाळा रोडच्या पुलावर, नव्या इंजिनियरला ओळखीचे माणूस भेटले की 'कसा आहेस' विचारत नाही. 'पॅकेज किती?' विचारते. याचे उत्तर चार वर्षांच्या अभ्यासक्रमात कुठेच नसल्यामुळे हे मार्गदर्शन.

प्रथम, आकडा नेहमी वर्षाचा सांगावा. आयटी कंपनीची नेहमीची ऑफर ३.६ लाखांची असते. 'साडेतीनच्या वर आहे' म्हणावे आणि ट्रेन आल्यासारखे करून निघावे. चुकूनही बाराने भागू नये. भागलेच, तर ३० हजार येतात आणि तेही हातात पडत नाहीत. समजा बेसिक १५ हजार. त्यावर १२ टक्के पीएफ तुमचा, म्हणजे १,८०० रुपये. कंपनीचा वाटाही तेवढाच, पण तोही तुमच्याच पॅकेजात मोजलेला. ग्रॅच्युइटीचे ७२२ रुपये पाच वर्षे टिकलात तर दिसतील. व्हेरिएबलचे ३ हजार साहेबांची मर्जी राहिली तर. शिवाय व्यवसाय कर २००. राहिले साडेबावीस हजारांच्या आतबाहेर. (मुलींना महाराष्ट्रात महिना २५ हजारांपर्यंत व्यवसाय कर माफ आहे. हे दोनशे रुपये घरात भावासमोर मोठ्याने मोजावेत.)

आईला मात्र खरा आकडा सांगावा. तिला तो तसाही कळतो.

कॉलेज कुठले, असे विचारल्यास 'इथलेच, जवळचे' एवढेच बोलावे. व्हीजेटीआय १८८७ साली भायखळ्याला सुरू झाली आणि १९२३ पासून माटुंग्यात आहे. शंभर वर्षे शेजारी राहिल्याचा काही तरी फायदा वडाळेकरांना मिळायलाच हवा.

कॉलेजांच्या बॅनरवरचा 'सरासरी पॅकेज' हा आकडा भक्तिभावाने वाचावा. नऊ जणांना ३.६ लाख आणि दहाव्याला ४० लाख मिळाले, तर सरासरी सव्वासात लाखांच्या जवळ जाते. काकांनी ती ऐकवली, तर तो दहावा मी नव्हे, हे सांगायची घाई करू नये. मध्यक विचारणारे काका अजून जन्मायचे आहेत.

पंधरा वर्षांपूर्वी लागलेल्या मामेभावाला घरी बोलावू नये. त्यालाही सुरुवातीला तीन-सव्वातीन लाखच मिळाले होते, आणि हे तो जेवायला बसल्यावर सांगतो. तेव्हाच्या आणि आताच्या थाळीच्या दराचा हिशेब कोणी काढायच्या आत विषय ऐरोलीच्या ऑफिसच्या प्रवासाकडे वळवावा. वाशीला गाडी बदलावी लागते, त्यामुळे हा विषय दहा मिनिटे सहज पुरतो.

आता पेढे. ऑफर लेटर आले की घरचे सिद्धिविनायकाला निघतात, त्यांना थोपवावे. २०२३च्या फेब्रुवारीत विप्रोने साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या नव्या मुलांना साडेतीन लाखांवर येता का, असे विचारले होते. रुजू व्हायची तारीख येता येत नव्हती, तेव्हा बहुतेकांनी हो म्हटले. त्यामुळे साडेसहा लाखांचे पेढे वाटून झाले असतील, तर ते परत मागता येत नाहीत. पालकांनो, नारळ वाढवायचाच असेल तर पहिली सॅलरी स्लिप हातात घेऊन जा, आणि त्यावरची शेवटची ओळ आधी वाचा.