लागू असेल तेथे

इंग्लंडातल्या कोणत्याही आर्किटेक्टच्या कचेरीत सगळ्यात जाड आणि सगळ्यात कमी वाचला जाणारा ग्रंथ म्हणजे स्पेक. वीट कुठली, मसाल्याचं प्रमाण काय, रंगाचे हात किती, हे त्यात लिहिलेलं असतं. ड्रॉइंग सगळे पाहतात. स्पेकबद्दल सगळे ‘पाहून घेतो’ म्हणतात.

गंमत अशी की हा ग्रंथ कचेरीत कोणी लिहीतच नाही. न्यूकॅसलची एनबीएस ही संस्था १९७३ पासून तयार कलमं पुरवते. माणसं चोख. जुन्या वर्गवारीत वीटकामाचं कलम एफ१० विभागात, रंगकामाचं एम६० मध्ये, शेजारी मार्गदर्शक टीप, मध्ये गाळलेल्या जागा. आता सगळं सॉफ्टवेअरवर. तुम्ही फक्त रिकाम्या जागा भरायच्या आणि नको ती कलमं खोडायची.

पण खोडायचं म्हटलं की भल्याभल्यांचा हात आखडतो. ठेवलेल्या कलमाचा जाब कोणी विचारत नाही, खोडलेल्याचा वकील विचारतो. म्हणून मागच्या अंगणात काढलेल्या स्वयंपाकघराचं छप्पर सपाट असलं तरी स्पेकमध्ये वेल्सच्या स्लेटींचं कलम डौलात बसलेलं असतं. असू द्या, लागू असेल तेथे लागू होईल.

यातूनच ‘ऑफिस मास्टर’, म्हणजे प्रत्येक कामाला चालवला जाणारा कचेरीचा साचा, जन्माला येतो. शाळेचा स्पेक रुग्णालयाला, रुग्णालयाचा सदनिकांना, आणि सदनिकांच्या स्पेकमध्ये शोधलं तर एखादी शाळेची घंटा सापडते. वीटकामाचं जुनं मानक बीएस ५६२८ हे २०१० साली मागे घेतलं गेलं, पण मास्टरला ते कळवायचं कोणी? मास्टर सांभाळायचं काम कचेरीतल्या सर्वात नव्या पोराकडे असतं. कुठलं कलम का घातलं हे ठाऊक असलेला माणूस केव्हाच दुसरीकडे गेलेला असतो. (आपण हसू नये. आपल्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या ‘रेड बुक’ या प्रमाणित स्पेकचा हवाला देणाऱ्या किती टेंडरवाल्यांनी ते उघडून पाहिलंय, हे विचारायला मी काही मंत्रालयात गेलेलो नाही.)

तयार मजकुराचा खरा गुण म्हणजे तो कोणाचाच नसतो. ‘उत्पादकाच्या शिफारशीनुसार’ लिहून आर्किटेक्ट मोकळा. ‘ठेकेदाराने प्रस्ताव सादर करावा’ लिहिलं की दुसऱ्यांदा मोकळा. ठेकेदार स्पेककडे बोट दाखवतो, उत्पादक माहितीपत्रकात छापतो की आपल्या तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. तज्ज्ञ म्हणजे कोण? तोच, पहिला मोकळा झालेला.

हे मोकळं होणं दर वेळी हसण्यावारी जात नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या उंच निवासी इमारतीच्या नूतनीकरणात एक्सोव्हा या अग्निसल्लागार कंपनीने अहवाल दिला. त्यात म्हटलं होतं की या बदलांमुळे बाहेरून आग पसरण्यावर विपरीत परिणाम होणार नाही, पण याची खात्री अहवालाच्या पुढच्या आवृत्तीत केली जाईल. पुढची आवृत्ती आली, तिच्यातही हेच वाक्य. तिच्या पुढच्या आवृत्तीतही तेच. २०१३ नंतर आवृत्तीच आली नाही. १४ जून २०१७ च्या पहाटे आग नूतनीकरणात बसवलेल्या बाहेरच्या क्लॅडिंगवरून वर चढली. ७२ माणसं गेली. सात खंडांचा अंतिम चौकशी अहवाल सप्टेंबर २०२४ मध्ये आला. आर्किटेक्टपासून सरकारपर्यंत सगळ्यांनाच त्यात दोषाचा वाटा मिळाला. चौकशीच्या वेळी मात्र बहुतेक जण दुसऱ्याच्या वाट्याकडे बोट दाखवत होते.

मधल्या काळात, आगीनंतर इमारत-नियमांची फेरतपासणी करणाऱ्या डेम ज्युडिथ हॅकिट यांनी सुचवलं की इमारतीची माहिती, कोणी काय ठरवलं आणि का, हे एका सलग ‘सोनेरी धाग्या’त जपावं. २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी ॲक्टपाठोपाठ तो उंच निवासी इमारतींना बंधनकारकही झाला. कचेऱ्यांनी आज्ञा शिरसावंद्य मानली. ऑफिस मास्टरमध्ये ताबडतोब एक नवं कलम आलं: ‘ठेकेदाराने सोनेरी धागा राखावा, लागू असेल तेथे.’ ते आता वाढीव स्वयंपाकघरालाही जातं, स्लेटींच्या अगदी खाली.