विरजणपंत

पोर्टलंडमध्ये घरी बीअर बनवणारे पैशाला पासरी. 1978 साली जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली आणि अमेरिकेत दोन प्रौढांच्या घराला वर्षाला 200 गॅलनपर्यंत बीअर घरच्या घरी बनवायची मुभा मिळाली. आमचे विरजणपंत मूळचे डोंबिवलीचे. त्यांनी या मुभेचा फारसा लाभ घेतलेला नाही. बीअर पिणं हा त्यांचा विषयच नव्हे, अर्ध्या ग्लासात त्यांना जांभया येतात. त्यांचा विषय यीस्ट, आणि तेही मरायला टेकलेलं.

ताजं यीस्ट ते विकत घेत नाहीत असं नाही. घेतात, फ्रिजमध्ये ठेवतात आणि जुनं व्हायची वाट बघतात. इडलीचं पीठ आणि कैरीचं लोणचं यांच्या मधे, तळाशी करडा गाळ बसलेल्या बाटल्यांची रांग. “अहो, ही गेल्या दिवाळीची, टाकू का?” असं वहिनींनी एकदा विचारलं, तर म्हाताऱ्या आत्याला घराबाहेर काढायची गोष्ट निघाल्यासारखं पंतांनी त्यांच्याकडे पाहिलं.

शनिवारी सकाळी स्टार्टर लागतो, म्हणजे यीस्ट जागं करायचं विरजण. लिटरभर पाण्याला 100 ग्रॅम माल्टची पूड, हे प्रमाण. पण थकलेल्या यीस्टपुढे एकदम लिटर ठेवायचा नाही. आधी पाव लिटर, तग धरला तर पुढचं. पाणी पंधरा मिनिटं उकळायचं, आणि माल्ट उतू जाण्यात मोठं चपळ. नेमकं तेव्हाच पंत मला एमिल ख्रिश्चन हान्सेन सांगतात. 1883 साली या गृहस्थाने कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं. 2016 साली त्याच प्रयोगशाळेने जुन्या बाटलीतलं यीस्ट जागं करून त्याची बीअर केली. “शंभरावर वर्षं! आणि ही म्हणते, दिवाळीची टाका!” तोवर शेगडीवर तपकिरी फेस करपलेला असतो.

गार झालेलं पाणी शंकूसारख्या काचपात्रात जातं, त्यात यीस्ट. ढवळायचं यंत्र घरचंच: जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, त्यावर हार्ड डिस्कमधले लोहचुंबक चिकटवलेले. त्यांच्या ओढीने पात्राच्या तळाशी कॅप्सूलएवढी पांढरी दांडी गरगरते. तोंडावर फॉइल, पण सैल. वाढायला यीस्टला ऑक्सिजन हवा. रात्री दांडी निसटली की काचेवर टकटक होते आणि पंत बॅटरी घेऊन स्वयंपाकघरात हजर. स्वतःच्या खोकल्याला ते कधी उठलेले नाहीत. माल्टची पूड, गॅस आणि दोन रात्रींची झोप धरली, तर नवं पाकीट स्वस्तच पडेल. पण हा हिशेब त्यांच्यासमोर मांडायची माझी छाती नाही.

निकाल नाकाने लावायचा. पावासारखा वास आला तर जिंकलं, जळक्या रबरासारखा आला तर आटोपलं. दिवाळीच्या बाटलीला रबराचा आला. वहिनी कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडून तयारच होत्या.

“थांब! पुढच्या खेपेला हे माल्टबरोबर उकळू. मेलेलं यीस्ट जिवंत यीस्टचं खाद्य असतं.”

शास्त्र बरोबर आहे, तसं करतातही. वासाचं काय, ते मात्र पंतांनी सांगितलं नाही.

“म्हणजे मेलेल्यांनी जिवंतांना जेवायला घालायचं,” वहिनी म्हणाल्या. “आमच्या माहेरी श्राद्ध उलट्या दिशेने करायचे.”

पंतांनी तोवर बाटलीवर नवी तारीख घातली होती.