जैसे थे

शेतकरी पिकाविषयी जेवढा बोलतो त्यापेक्षा बांधाविषयी जास्त बोलतो, आणि तेही बहुतेक तहसील कचेरीच्या व्हरांड्यात. नांगराचं तास दरवर्षी चार बोटं पलीकडे सरकवत गेलं की काही वर्षांत हात-दोन हात रुंद बांधाचा वरंबा होतो. मग ज्याचा बांध कोरला गेला तो सरकारी मोजणी आणतो, ज्याने कोरला तो वकील गाठतो, आणि भांडणातल्या मातीपेक्षा वकिलाची फी महाग पडते.

आमच्या शिवारात असा एक बांध आहे. दोन चुलतभावांचा दावा, त्यावर कोर्टाचा ‘जैसे थे’चा हुकूम. तेव्हापासून त्या बांधाला ना नांगर लागला, ना विळा, ना काडी. आज अख्ख्या शिवारात एवढा फुललेला बांध दुसरा नाही. श्रावणात केन्याची निळी टिकली, भाद्रपदात गुलाबी तेरडा, मग कुर्डूचे तुरे, कडेला रुई, आणि कुठेही, कधीही एकदांडी. न्यायालयाने नकळत जाहीर केलेलं हे अभयारण्यच म्हणायचं. दोघे भाऊ अजून एकमेकांशी बोलत नाहीत, पण दोघांच्याही वांग्यांवर भुंगे येतात.

हे भुंगे सकाळी बघावेत. वांग्याच्या फुलाचे पिवळे परागकोश सहजी उघडत नाहीत. टोकाला बारीक भोकं असलेल्या त्या बंद नळ्याच. काळा जाडजूड भुंगा फुलाला खालून कवटाळतो आणि पंख न हलवता उडण्याचे स्नायू तेवढे थरथरवतो. एरवीचा त्याचा गुणगुणाट एकदम चढ्या सुरात जातो, फूल हादरतं आणि रांगोळीच्या नळीतून रांगोळी सांडावी तसे पराग त्याच्या पोटावर सांडतात. हे कसब मधमाशीला येत नाही. सातेरीलाही नाही, आग्यालाही नाही. वाऱ्याने थोडं काम भागतं, पण फळ नीट धरायला हा थरथराट फार उपयोगी पडतो.

आणि गंमत अशी, की वांग्याच्या फुलात मध नसतोच. नुसते पराग. म्हणजे भुंग्याने कामाला इथे यायचं आणि चहापाण्याला दुसरीकडे जायचं. ते दुसरीकडे म्हणजे बांध. राहायची सोयही तिथेच: भुंगा वाळक्या लाकडात भोक पाडून घर करतो, आणि पोटावर निळे पट्टे असलेली त्याची एक छोटी भावकी मातीत बीळ करते. नांगर फिरला की बीळ गेलं, काडी लावली की लाकूड गेलं.

काडी का लावतात? गावातल्या तात्यांना विचारलं तर म्हणाले, “पाहुणे यायचेत.” सोयरिकीला आलेली माणसं घर बघतात, विहीर बघतात आणि बांधही बघतात. बांधावर गवत दिसलं की पोरगा आळशी. हल्ली काडीपेक्षा पाठीवरचा पंप सोपा: पिकात तणनाशक मारता मारता दोन फवारे बांधावर. मग पेरलेलं सोडून बाकी सगळं पिवळं पडतं आणि तात्यांना ते स्वच्छ वाटतं.

जगातल्या 115 प्रमुख अन्नपिकांपैकी 87 पिकांना परागीकरणासाठी कीटक-पाखरांची थोडीबहुत तरी मदत लागते. कांद्याचं बी धरणारे, डाळिंबवाले आता मधमाश्यांच्या पेट्या आणून ठेवतात. महाबळेश्वरजवळचं मांघर तर 2022 मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ झालं. चांगलंच आहे. पण पेटीतली माशी वांग्याचं काम करत नाही, हे वर आलंच.

रानातलं सगळंच गोड मानायचं कारण नाही. गाजरगवत दिसेल तिथे, फुलायच्या आत, मुळासकट उपटावं. त्याच्याविषयी माझ्या मनात जराही माया नाही. एकदांडीही मूळची अमेरिकेची, पण ती इथे इतकी रुळली की कुणाला विळा लागला तर आधी तिचाच पाला चोळतात. तणाचं बी वावरात येतं ही तात्यांची तक्रारही खोटी नाही. पण भांगलण वावरात करायची असते, बांधावर नाही.

बायकांना हे सगळं आधीपासून ठाऊक असावं. हरतालिकेच्या पत्रीला आघाडा, माका, रुई हवी, गौरी आणायच्या तर तेरडा हवा, आणि हे सगळं बांधावर फुकट. आता शहरात त्याच जुड्या पैसे मोजून घ्याव्या लागतात. रुईच्या पानावर काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी असली तर बाजारात तेवढं पान बाजूला टाकतात. बांधावर तिचं फुलपाखरू होतं.

तेव्हा बांध असेल त्यांनी एवढं करावं. पंप बांधाच्या अलीकडे बंद करावा. काडी लावू नये. गवत कापायचंच तर दसरा उलटू द्यावा, आणि एका वर्षी एकाच अंगाचं कापावं. कापण्याआधी शेजारच्या भावालाही एकदा फोन करावा; बांध त्याचाही आहे.