सही-शिक्क्याचा दर्यावर्दी

नानांना समुद्र फारसा आवडत नाही. कस्टम्सच्या एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जायला मध्ये पाणी लागतं, एवढाच त्यांचा त्याच्याशी संबंध. मूळचे रत्नागिरीचे, हयात गेली साउदॅम्प्टनला. निवृत्तीनंतर अकरा मीटरची शिडाची होडी घेतली, तिचं नाव ‘सागरिका’ ठेवलं आणि काकूंना घेऊन अटलांटिक ओलांडून थेट कॅरिबियन गाठलं. लोकांना वाटतं, निळ्या पाण्यासाठी. मी काही दिवस त्या होडीवर काढले आहेत, म्हणून सांगतो: नाना तिकडे गेले ते सरकारांसाठी. ग्रेनेडाहून उत्तरेला सरकायला लागलं की जरा कुठे शीड भरतंय तोवर नवा देश येतो. कॅरिअकूच्या किनाऱ्यावरून समोर दिसणारं युनियन बेटसुद्धा परदेश! इकडून सुटल्याचा दाखला, तिकडे पोचल्याची नोंद, कस्टम्सची खिडकी वेगळी, इमिग्रेशनची वेगळी. इतक्या थोड्या पाण्यात इतके शिक्के दुसरीकडे कुठे मिळणार?

परक्या देशात शिरताना होडीवर पिवळं निशाण चढवायचं असतं. आंतरराष्ट्रीय संकेतांत हे ‘क्यू’. म्हणजे माझी होडी निरोगी आहे, मला आत घ्या. कागद पुरे होईपर्यंत जमिनीवर पाय ठेवायचा तो एकट्या कप्तानानं. बाकीच्यांनी होडीत बसून किनारा बघायचा. काकूंचं अर्धं कॅरिबियन असंच लांबून बघून झालंय.

इतर होडीवाले या कामाला तोंड वाकडं करून जातात. अर्ध्या चड्डीत, अनवाणी, अंगाला मीठ. कचेरीत शिरले की थेट कागद पुढे करतात, आणि मग खिडकीमागच्या बाईसाहेब त्यांना निवांत ताटकळत ठेवतात. या बेटांवर आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं असतं. त्याशिवाय तुम्ही आलाच आहात, हे कोणी मान्य करत नाही. नानांना ते सांगावं लागलं नाही. ते दाढी करून, इस्त्रीची पँट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, मुलगी बघायला निघाल्यासारखे डिंगीत, म्हणजे किनाऱ्यावर जायच्या छोट्या होडीत, बसतात. काखेत प्लास्टिकची फाइल, खिशात दोन पेनं. दुसरं पेन साहेबांसाठी. रविवारी पोचलं तर ओव्हरटाइम भरावा लागतो, म्हणून शनिवारपासूनच नाना शिडं कमी करून होडी रेंगाळत ठेवतात. सोमवारी आठला खिडकी उघडते तेव्हा पहिला नंबर त्यांचा.

फाइल म्हणजे पाहण्यासारखी वस्तू. ब्रिटनमध्ये छोट्या होड्यांसाठी स्वस्तातली नोंदणी असते, भाग तीन. पण तिच्या दाखल्यावर टनेज नसतं, आणि बेटांवरचे फॉर्म टनेज विचारतात. कोणीही अंदाजे आकडा ठोकून मोकळा होईल. नानांनी सर्वेअर बोलावून होडी मोजून घेतली, जास्तीचे पैसे भरले आणि भाग एकमध्ये नोंदणी केली. माल काय, या रकान्यात ते ‘इन बॅलास्ट’ लिहितात, म्हणजे माल काही नाही, होडीच्या बुडाला नुसतं वजन. त्या वजनात काकूंची आमसुलं, मेतकूट आणि दहा किलो आंबेमोहोर येतो. पाहुण्याला ‘प्रवासी’ म्हणून दाखवलं तर होडी भाड्यानं फिरते की काय, असा संशय येतो. म्हणून होडीवरचा प्रत्येक जण खलाशी. मी साधा खलाशी, काकू ‘मेट’, म्हणजे कप्तानाच्या खालोखाल. “चाळीस वर्षं फुकट राबले,” काकू म्हणाल्या, “हुद्दा आत्ता मिळाला. तोही बिनपगारी.”

आणि शिक्का! होडीचा स्वतःचा गोल रबरी शिक्का: मध्ये नांगर, भोवती नाव आणि नोंदणी क्रमांक. सुट्टीत पुण्याला आले असताना अप्पा बळवंत चौकाजवळ करवून घेतलेला. असा शिक्का पुष्कळ दर्यावर्दी बाळगतात, कारण शिक्का उमटलेल्या कागदाकडे साहेब जरा आदरानं बघतो. नाना मात्र तो किराणा यादीवरही मारतात.

खरी मैफल आरोग्याच्या घोषणापत्राची. नाना चष्मा लावून प्रश्न मोठ्यानं वाचतात आणि उत्तर माहीत असलं तरी रीतसर चौकशी करतात.

“प्रवासात कोणी दगावलं का? अपघात सोडून.”

“अजून नाही,” स्वयंपाकाच्या कोपऱ्यातून काकू. “पण भात निवतोय.”

“गुपचूप चढलेला इसम?”

“हा तुमचा खलाशी दोन माणसांचं जेवतो. एक लपून बसला असेल.”

“आजारी पाळीव प्राणी?”

याला उत्तर आलं नाही. काकूंनी नुसतं नानांकडे पाहिलं.

आता बऱ्याच बेटांवर ‘सेलक्लिअर’ आलंय. माहिती आधीच इंटरनेटवर भरायची, कचेरीत जाऊन फक्त पैसे आणि शिक्का. कार्बन पेपर घालून चार-चार प्रती काढायचे दिवस गेले. नानांनी कार्बनचा खोका अजून टाकलेला नाही. काही ठिकाणी तर येण्याचा आणि जाण्याचा दाखला एकदमच देतात. नाना तो नम्रपणे नाकारतात. निघताना पुन्हा जायला निमित्त नको?

असा हा माणूस सेंट लुसियाच्या रॉडनी बेहून मार्टिनिकला निघाला. अंतर जेमतेम वीस-पंचवीस मैल, पण पलीकडे साक्षात फ्रान्स. नानांनी आदल्या रात्री फाइल नव्यानं लावली. फ्रेंच नोकरशाहीबद्दल त्यांनी फार ऐकलं होतं. या खेपेला मीही सोबत गेलो, नियमात बसत नसताना. मेटनं परवानगी दिली होती.

मार्टिनिकला पोचून कचेरी विचारत गेलो तर होडीचं सामान विकणारं एक दुकान निघालं. दोर, रंगाचे डबे, पंप, आणि कोपऱ्यात एक कॉम्प्युटर. साहेब कुठे आहेत? साहेब नाहीत. आपणच टाइप करायचं, आपणच छापायचं, काही युरो द्यायचे. झाला फ्रान्समध्ये प्रवेश. फाइल कोणी मागितली नाही. टनेज पडताळून पाहिलं नाही. नाना खुर्चीत बसले आणि की-बोर्ड न बघता सराईतपणे टाइप करू लागले. फ्रेंच की-बोर्डवर ‘ए’च्या जागी ‘क्यू’ असतो. ‘सागरिका’च्या इंग्रजी नावातले तिन्ही ‘ए’ गेले आणि तीन ‘क्यू’ आले. पिवळं निशाण उतरवायला आलेल्या माणसाच्या होडीच्या नावातच तीन निशाणं चढली!

दुरुस्त करून कागद छापला. गल्ल्यावरच्या मुलीनं एका गिऱ्हाइकाला दोर मोजून देता देता त्यावर दुकानाचा शिक्का मारला. फ्रेंच प्रजासत्ताकाच्या वतीनं, न बघता. नाना बराच वेळ तिथेच उभे. मग त्यांनी खिशातून स्वतःचा शिक्का काढला, त्यावर हा-हा केलं आणि तिच्या शिक्क्याच्या शेजारी, किंचित वर, मारला.

होडीवर आल्यावर त्यांनी जाहीर केलं, “उद्या सकाळी डॉमिनिका. तिथे अजून माणूस बसतो म्हणतात.”

काकू तेव्हा बाजारात जायची पिशवी शोधत होत्या. “अहो, पाव, चीज, द्राक्षं, सगळं मिळतं इथे. मी पंधरा दिवस हलणार नाही.”

“कप्तान कोण आहे?”

“तुम्ही. आणि मेट मी. तुमच्याच सहीनं, तुमच्याच शिक्क्यानिशी, आठ देशांत नोंद आहे. बाजारात येताय, की बसताय होडीत किनारा बघत?”